पिठावरची पावलं

उंदीर तपासणं ही माझी नोकरी होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपल्या घरातल्या उंदरांची तक्रार सुरू करतात. भरे गावाजवळच्या एका कारखान्याला जेवणाचे डबे पुरवणाऱ्या खाणावळी मी तपासत असे. नियम मात्र शहरातल्या इमारतींसाठी लिहिलेले. तक्त्यात लिफ्टचा खड्डा, तळघर, कचऱ्याची खोली असे रकाने. बैठ्या घरासमोर उभा राहून मी त्या सगळ्यांपुढे इमानेइतबारे ‘लागू नाही’ लिहीत असे. आपण फार काटेकोर आहोत, याचा मला तेव्हा अभिमान होता.

एक खाणावळ पन्नाशीच्या मावशी चालवत. घराच्या मागच्या दोन खोल्यांत स्वयंपाक आणि कोठी, आणि सगळे डबे त्या एकाच कारखान्यात जायचे. तपासणीत नापास झालं की डबे बंद. मी दारातूनच विचारलं, “उंदीर आहेत का?”

“हळू बोला की,” मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. “नाव घेतलं की ऐकत्यात ती. मग मुद्दाम येत्यात.”

मी हसू दाबलं. शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे संध्याकाळी कोठीत भिंतीच्या कडेने पिठाचा पातळ थर पसरला. उंदीर फिरला तर सकाळी पिठावर पावलं दिसतात. सकाळी गेलो तर फरशी लख्ख. अंगणात सडा, दारात रांगोळी. उजाडायच्या आत मावशींनी सगळं घर झाडून काढलं होतं आणि माझी तपासणी केरात गेली होती.

मी वैतागलो. ‘खुणा आढळल्या नाहीत’ असं लिहून मोकळा झालो असतो, तर ते खोटंही ठरलं नसतं. पण मला पद्धत पुरी करायची होती. संध्याकाळी पुन्हा पीठ पसरलं आणि बजावलं, “उद्या मी येईपर्यंत या खोलीत झाडू लावायचा नाही.”

त्या घुटमळल्या. “पारोसं घर ठिवायचं?”

“एकच दिवस, मावशी.”

दुसऱ्या दिवशीही अंगण झाडलेलं होतं, स्वयंपाकघर पुसलेलं होतं. कोठीच्या दाराला मात्र बाहेरून खुर्ची लावलेली, घरातलं कुणी सवयीने झाडायला शिरू नये म्हणून. आत धान्याच्या पिंपापासून मोरीच्या भोकापर्यंत बारीक पावलांची रांग होती.

“पहाटंच बघितली मी,” मावशी म्हणाल्या. “तुमी सांगितलं हुतं म्हणून हात लावला न्हाई.”

मी रकाना भरला. मोरीला जाळी नाही, हेही लिहिलं. पंधरा दिवसांनी फेरतपासणी ठरली होती, पण तोवर कारखान्याने दुसरीकडून डबे सुरू केले आणि तेच पुढे कायम ठेवले. नियम चुकीचा नव्हता, पावलंही खरीच होती. तरी मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्या सकाळी मी कागद पिशवीत घालेपर्यंत मावशी दारातच थांबल्या होत्या. मग कोपऱ्यातला झाडू उचलून त्यांनी एवढंच विचारलं, “आता झाडून घिऊ का?”