श्रावणात टिकलेलं कुंपण

चिंचपोकळी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, मोठ्या रस्त्याला लागूनच माझा गाळा आहे. मी जुनी दारं, खिडक्या आणि कठडे विकतो. कुठलीही चाळ पाडायला काढली की पहिला हातोडा पडायच्या आत मी तिथे पोचलेला असतो. गाळ्यामागे आवार आहे, तिथे माल ठेवतो, आणि माळ्यावर मी आणि बायको राहतो. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. समोरच्याने भाव सांगितला की मला तो शिवी दिल्यासारखा लागतो, आणि मी तशाच आवाजात उत्तर देतो. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

कुत्री आमच्याकडे मालातूनच आली. नायगावच्या एका चाळीतली दारं भरून टेम्पो आला, तेव्हा दोन सागवानी दारांच्या फटीत एक तांबूस पिल्लू झोपलेलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, "शेठ, हे वर फुकट." फुकट आलेली वस्तू मी परत करत नाही. बायकोने तिला त्याच दिवशी दूध पाजलं, आणि संध्याकाळपर्यंत ती आवाराची मालकीण झाली.

मोठी झाली तशी ती पळायला लागली. सकाळी असायची आणि दहाच्या सुमाराला नाहीशी व्हायची. तासाभराने ओठ चाटत परत यायची. मधे मोठा रस्ता. बेस्टच्या बसा, टॅक्स्या, पुलावरून सुसाट उतरणाऱ्या मोटरसायकली. एकदा टॅक्सीचा धक्का लागून ती लंगडत आली. बायकोने तिच्या पायाला हळद लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, सगळ्या मुंबईला दारं विकता. हिच्यासाठी एक बंद करता येत नाही? पुढच्या वेळी ती बसखाली जाईल, मग बसा भाव करत."

हे मला झोंबलं. मी त्याच दिवशी कुंपणाला लागलो.

विकतची जाळी आणायचा प्रश्नच नव्हता. घरात माल असताना बाहेरून आणणारा मी नव्हे. माझ्याकडे एका पाडलेल्या चाळीच्या गॅलरीचे बिडाचे कठडे पडून होते, वेलबुट्टीचे, वजनदार. शेजारी लेथ मशीनवर काम करणारा माझा जुना दोस्त आहे, मालवणी माणूस, फाटक्या तोंडाचा. त्याला मी म्हणालो, "या कठड्यांच्या मागे तीन पिढ्यांची पोरं खेळली. एक पोर खाली पडलं नाही. ही कुत्री काय जाणार?"

कुत्री गेली. पोरांना कठड्याबाहेर जायचं नसतं, तिला जायचं होतं. बिडातल्या प्रत्येक फुलावर पाय ठेवत ती जिना चढावा तशी चढली आणि पलीकडे उडी मारली.

"शेठ," लेथवाला दारातून ओरडला, "तुझा पाव्हणा गेला मा!"

मी कठड्यांना आतून पत्रे ठोकले. तरीही ती गेली. कुठून, ते दोन दिवस कळेना. मग बायकोने दाखवलं: मीच कोपऱ्यात दारं आडवी रचून ठेवली होती, एकावर एक, कुंपणाला टेकून. ती त्या थप्पीवर चढायची आणि तिथून बाहेर. लेथवाल्याने सगळ्या गल्लीला सांगितलं की शेठने कुत्रीला पायऱ्या बांधून दिल्या.

त्या गड्याच्या हातात माझ्याविरुद्ध आधीच एक हत्यार होतं, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे, पुलाच्या जिन्याखाली बसणाऱ्या कोळणीशी माझं भांडण झालं होतं. एका सुरमईवरून. मी कल्ले उचलून बघितले, वास घेतला, भाव केला, पुन्हा वास घेतला. तिने माझ्या पिशवीतली सुरमई काढून परत टोपलीत ठेवली आणि भर बाजारात म्हणाली, "जा रं, तुज्या जुन्या दारांचा रस्सा कर नि खा!" लोक हसले. त्या दिवसापासून मी त्या जिन्याकडे मान वळवून पाहिलं नाही. मासळीसाठी मी दादरला जातो. लांब पडतं, पण अपमान लक्षात ठेवायला माणसाने थोडे कष्ट घ्यावेत. आणि हा लेथवाला अजून मला डबा उघडताना बघितलं की विचारतो, "आज कसला रस्सा? सागवान की देवदार?"

तर, पायऱ्यांचा बोभाटा झाल्यावर माझं डोकं फिरलं. मी ठरवलं की आता दारंच उभी करायची. कठड्यांच्या आत, खांद्याला खांदा लावून, गुळगुळीत बाजू कुत्रीकडे. पुरुषभर उंचीची सागवानी भिंत. गटारीच्या दुसऱ्या दिवशी शेवटचं दार ठोकलं आणि फाटकाखाली कडप्प्याच्या दगडाची पट्टी बसवली. सगळी गल्ली आदल्या रात्रीच्या मटणाने सुस्त होती. मी एकटा हातोडा घेऊन घामाघूम.

आणि कुत्री थांबली.

पहिला दिवस गेला, आठवडा गेला. ती आवारात लोळायची, मांजरावर भुंकायची, बायकोच्या मागे मागे फिरायची. दारांकडे ढुंकून बघायची नाही. पंधरवडा उलटल्यावर मी लेथवाल्याला हाताला धरून आत आणलं.

"बघ. म्हण आता काय म्हणायचं ते."

त्याने दारांवरून हात फिरवला, वाकून बघितलं, डोकं खाजवलं. "मानला बाबा," म्हणाला. "तुरुंगाला दारं पुरव तू." त्याने चहा पाजला, स्वतःहून. मी तो चहा फार सावकाश प्यायलो. गिऱ्हाइकं आली की मी आधी कुंपण दाखवायचो आणि मग माल. बायको फक्त एवढंच म्हणायची, "बघू या." मला ते तिच्या स्वभावातलं खोट काढणं वाटायचं.

श्रावण संपला. गणपती आले, गेले. विसर्जनानंतरच्या बुधवारी सकाळी मी गाळ्यात एका गिऱ्हाइकाला चौकट दाखवत होतो, तेवढ्यात बाहेर बसचा ब्रेक किंचाळला आणि ड्रायव्हरच्या शिव्या ऐकू आल्या. मी धावलो. रस्त्याच्या मधोमध माझी कुत्री, कान मागे टाकून, बसच्या अगदी नाकासमोरून पलीकडे पळत होती.

आवारात जाऊन बघितलं. एका दाराखाली ओली माती उकरलेली, आणि बोगदा असा की त्यातून मीही गेलो असतो. दार खाली मातीवरच टेकलेलं. लेथवाला तोपर्यंत येऊन उभा राहिला होताच.

"शेठ, ह्या दारांक उंबरठो खंय आसा?"

उंबरठा नव्हता. चौकटी आणि उंबरठे मी वेगळे विकतो, त्यांना वेगळा भाव येतो. इतकी वर्षं मला या हुशारीचा अभिमान होता.

"पण दीड महिना का नाही उकरलं तिने?" मी ओरडलो. "आजच का?"

बायको कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "ती सोमवारी कधी पळाली होती, सांगा?"

मी विचार केला. सोमवारी नाही. गुरुवारीही नाही. शनिवारी? नाही.

"आणि श्रावणात?"

लेथवाला खाली बसला. हसता हसता त्याला ठसका लागला. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्या भागात कोणी मासळी खात नाही, म्हणून त्या दिवशी कोळीण बसतच नाही. श्रावणात नाही, गणपती जाईपर्यंत नाही. माझ्या कुंपणाने काहीच अडवलं नव्हतं. कुत्री वार पाळत होती, आणि मी दीड महिना तिच्या उपासाचं श्रेय दारांना देत होतो.

मी तडक रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांनी त्या जिन्याखाली गेलो. कोळीण पाटावर बसून बोंबील साफ करत होती आणि माझी कुत्री तिच्या बाजूला, शेपटी पायांभोवती गुंडाळून, माहेरी आल्यासारखी बसली होती. समोर बांगड्याचं डोकं.

"ए बाई," मी म्हणालो, "माझ्या कुत्रीला खायला घालायचं बंद कर."

तिने मान वर केली. मला ओळखलं. तोंडावर हसू पसरलं. "तुजी कुत्री? मना वाटला कोनाची उपाशी हाय. दारांचा रस्सा नाय आवडत काय तिला?"

टोपलीभोवतीच्या बायका हसल्या. मी पेटलो. म्हणालो, रस्त्यात बसखाली जाईल ती, आज थोडक्यात वाचली, पुन्हा तुकडा टाकलास तर बघ. कोळीण शांतपणे बोंबलाचं डोकं उडवत राहिली.

"मी नाय टाकला तरी ती येल," ती म्हणाली. "वासाला काय कडी लावशील?"

मी रागाने मान फिरवली आणि निघालो. हा माझा हुकमी डाव आहे. सौदा अडला की मी चालायला लागतो, आणि थोडं पुढे गेलो की मागून हाक येतेच: अहो शेठ, या तर खरं. त्या दिवशी चाललो, मुद्दाम हळू चाललो. हाक आली नाही. मागे वळून बघितलं, तर कोळीण गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि कुत्रीही जागची हलली नव्हती. तिने निदान मान तरी वळवायला हवी होती.

मी परत गेलो. असा परत जाण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग.

"तू सकाळी टोपली घेऊन येतेस," मी म्हणालो, "तर इथे बसायच्या आधी माझ्या फाटकाशी ये. तिला काय द्यायचं ते तिथे दे. म्हणजे ती रस्त्यावर येणार नाही."

"वजन डोक्यावर घेऊन रस्ता वलांडू? कुत्रीसाठी?"

"मासळी घेईन ना तुझी."

"तू?" ती बायकांकडे बघून म्हणाली. "हा घेनार! सकाळची दुपार करील आनि माजी गिऱ्हाइकं दुसरीकडं जातील." मग सुरी खाली ठेवली. "येन. पन मी सांगन तो भाव. तू तोंड उघडायचा नाय. कल्ले उचलायचे नाय. आनि बाई नाय, मावशी बोलायचा."

ती माझ्याच वयाची आहे. दोन वर्षांनी लहानच असेल. मी कुत्रीकडे बघितलं. ती बांगड्याचा शेवटचा काटा चाटत होती आणि मागचा पाय, तोच टॅक्सी लागलेला, जरा बाजूला टाकून बसली होती.

"बरं, मावशी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी फाटकाशी टोपली उतरली. कुत्री कान ताठ करून फाटकाच्या आत बसली होती, कारण तिच्या नाकाला आधीच कळलं होतं. मावशीने तिच्यापुढे बांगड्याचं डोकं टाकलं, मग एक पापलेट हातावर तोलून भाव सांगितला. तो भाव मी इथे लिहीत नाही, माझं रक्त पुन्हा उसळेल. बायको माझ्याकडे बघत होती. लेथवाला मशीन बंद करून बघत होता. मी ओठ मिटले, आत गेलो आणि एका दाराचे खिळे इतक्या जोराने उपटले की फळी चिरली.

तेव्हापासून कुत्री रस्त्यावर गेलेली नाही. टेम्पोसाठी फाटक सताड उघडतं, ती बाजूला होते, टेम्पो आत येतो, आणि ती पुन्हा तिथेच येऊन बसते. सागवानी दारं मी काढून विकली, कठड्यांचे पत्रेही काढले. कुंपण म्हणून आता नुसते कठडे आहेत, ज्यांवर ती हवं तेव्हा चढू शकते.

मावशी मात्र शेजारच्या चाळीतल्या बायकांना माझ्या देखत भाव कमी करून देते. परवा मी कपाळाला आठी घातली, तर म्हणाली, "काय रं, काय बोललास?"

"काही नाही, मावशी," मी म्हणालो. कुत्री जेवत होती.