तृप्ताकाकूंची डोगरी

कोथरूडच्या त्या सोसायटीत तृप्तादेवींना सगळे 'जम्मूच्या काकू' म्हणत. जम्मू म्हणजे काश्मीर आणि काश्मीर म्हणजे सफरचंदं, एवढं ज्ञान सोसायटीला पुरेसं होतं. दर हिवाळ्यात कुणीतरी विचारायचंच, "काय काकू, गावाला बर्फ पडला का?" आमच्या गावात उन्हाळ्यात माणसं पुण्यापेक्षा जास्त भाजून निघतात, हे सांगून सांगून काकू थकल्या आणि मग सरळ "हो, पडला" म्हणू लागल्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, तनुजाला, याची फार लाज वाटायची. बर्फाची नव्हे, आईची.

काकू डोगरीत कविता करत. तवी नदीकाठच्या त्यांच्या गावात बायका गाणी रचायच्या, पण ती लग्नाबारशात म्हणायची आणि सोडून द्यायची. कवितेच्या शेवटी नाव गुंफायचा मान पुरुषांचा. तृप्तानं स्वतःचं नाव गुंफलं तेव्हा वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे तालुक्याला कविसंमेलन भरलं. कविता तृप्ताची, पण वाचायची भावानं, आणि तिनं पडद्यामागे बसायचं असा तोडगा निघाला. भाऊ नेमका मधेच एक ओळ विसरला. तृप्ता पडदा सारून बाहेर आली आणि उरलेली कविता खड्या आवाजात म्हणून मोकळी झाली. त्या भागात बाईनं व्यासपीठावर उभं राहून स्वतःची कविता म्हणण्याची ती पहिलीच वेळ. "टाळ्या पडल्या," काकू सांगायच्या, "आणि घरी गेल्यावर थपडा."

लग्न झालं ते फौजेतल्या बद्रीनाथांशी. खडकवासल्याला ते पोरांना कवायत शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी कोथरूडला फ्लॅट घेतला. संध्याकाळी चहा झाला की काकू कविता म्हणत आणि बद्रीनाथ परेडला असल्यासारखे ताठ बसून ऐकत. आवडली की एकच शब्द म्हणायचे, "शैल." डोगरीत शैल म्हणजे सुंदर. साठलेल्या पैशांतून त्यांनी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात बायकोचं छोटं पुस्तक छापून घेतलं. लिपी देवनागरीच, तेव्हा अडचण ती काय? पण तिथले मुद्रितशोधक पडले पुण्याचे. चूक दिसली आणि हात स्वस्थ बसला असं कसं होईल? त्यांनी 'शैल' दिसेल तिथे एक काना दिला आणि पुस्तकभर शैला नावाची कुणी मुलगी हिंडू लागली. "पण ही शैला कोण?" शेजारच्या शालूताईंनी कौतुकानं विचारलं. काकू आधी हसल्या. मग दुपारभर दाराशी बसून त्यांनी पानापानावरचा काना ब्लेडनं खरवडून काढला. डोळे मात्र भरून आले होते, ते तनुजानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तनुजाला ती भाषा लहानपणी येत होती. मग शाळेच्या फाटकाशी आईनं डोगरीत हाक मारली आणि मुली फिदीफिदी हसल्या. त्या दिवशी घरी येऊन तिनं बजावलं, "माझ्याशी मराठीतच बोलायचं. सगळ्यांच्या आया बोलतात तसं." काकू मराठी शिकल्या. मंडईत घासाघीस करून शेवटचा शब्द आपला ठेवण्याइतकी चांगली शिकल्या, आणि पुण्यात हे सोपं नाही. पण कविता मराठीत उतरेना. बद्रीनाथ गेले तेव्हा घरातला एकमेव श्रोता गेला.

तोवर दिवस पालटले होते. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि कोथरूडमध्ये घरटी एकजण अमेरिकेला निघाला होता. तनुजाही निघाली. बॅगा भरत असताना काकू तिच्या शेजारी येऊन बसल्या. "जायच्या आधी एकदा ऐकशील का गं माझ्या कविता? नाही समजलं तर सांगेन मी."

"आई, आत्ता? वजन जास्त होतंय बॅगेचं. आल्यावर ऐकते ना."

"बरं," काकू म्हणाल्या आणि चिवड्याची पिशवी काढून घेतली.

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शालूताईंनी धावपळ केली, मैना नावाची बाई दिवसरात्र सांभाळायला ठेवली आणि अमेरिकेत फोन लावला. तनुजानं लगेच सुट्टी मागितली. पण सन दोन हजार उजाडताच जगभरचे संगणक तारीख चुकणार, बँका बंद पडणार, अशी तेव्हा सगळीकडे घबराट होती आणि ते निस्तरायलाच तिला तिकडे नेलेलं होतं. साहेबांनी सांगितलं, जानेवारी लागेपर्यंत सुट्टी नाही. गेलीस तर परत येऊ नकोस.

नोकरी सोडून जावं का? "माझी आठवण काढते का हो?" तनुजानं फोनवर शालूताईंना विचारलं.

शालूताई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुझं नाव नाही गं घेत. एवढा एकच शब्द उरलाय तोंडात. आई, आई करतात सारख्या. म्हातारपणी माणूस आपल्या आईकडेच जातं बघ. आणि गंमत सांगू? मराठीत हाक मारतात! शेवटी पुण्याच्या झाल्या हो." सोसायटीला या गोष्टीचा मोठा अभिमान वाटत होता.

शालूताईंनी रिसीव्हर काकूंच्या कानाला लावला. "आई गं, मी तनुजा," ती म्हणाली. पलीकडून बोबडा, अडखळता आवाज आला. "आई? आई?" शालूताई म्हणाल्या, "रिसीव्हर कानाशी राहीना, सारख्या दाराकडेच बघतायत. राहू दे आता, दमल्या."

तनुजानं मनाची समजूत घातली. आई आपल्या आईपाशी आहे, तिला आता माझी ओळखही नसेल. जानेवारीत जाऊ.

संगणकांना काही झालं नाही. नवं वर्ष बिनबोभाट उजाडलं आणि त्याच आठवड्यात काकू गेल्या. तनुजा पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. शालूताईंच्या मुलानं अग्नी दिला होता.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. जम्मूहून काकूंची धाकटी बहीण, तनुजाची मासी. तिच्या गावात फोन नव्हता. तार मिळाल्यावर ती तालुक्याला येऊन बूथवरून बोलत होती. खरखरीतून तिचा घाईचा आवाज आला, "तनुजा आई?"

"हां मासी, आई," तनुजा म्हणाली.

आणि आपल्याच तोंडचा शब्द तिला ऐकू आला.

आई म्हणजे आली. आई? म्हणजे, आली का? डोगरीत तेच, हिंदीतही तेच. हिंदी सिनेमे सगळ्या सोसायटीनं पाहिले होते, पण आजारी बाईच्या तोंडून तो शब्द निघाल्यावर मराठी कानांना एकच अर्थ सुचला. इतरांचं सोडा, तनुजाच्या कानांनाही तोच सुचला. आई इतके दिवस दाराकडे बघून प्रत्येकाला विचारत होती, आली का? फोनमध्ये लेकीचा आवाज ऐकून तिला वाटलं, आलीच. मग तिनं दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

रिसीव्हर तसाच लोंबकळत राहिला. मासी पलीकडून हाका मारत होती. तनुजा आतल्या खोलीत गेली आणि रिकाम्या कॉटच्या कडेला डोकं टेकून म्हणू लागली, "आई... आई... आई..." येऊन पोचल्याचं ती सांगत होती, पुन्हा पुन्हा, जिला ते कळलं असतं तिला.

मैना स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आली. "रडू नका ताई," ती म्हणाली. "आईची आठवण येणारच."