चाकावरचा नंबर

दस्तगीरमामा गेल्याचा निरोप शिरूरहून दौंडला येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने आणला, त्याला आता महिना उलटून गेला. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून ते आत गेले आणि फौजेतला खाकी कोट घालून आले. दारापर्यंत जाऊन परत वळले, कोट काढून खुंटीला लावला. "साध्या सदऱ्यावरच जाऊ," म्हणाले.

मामांची माझी ओळख मी शिरूरच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची. बाजारात त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मी आडनाव आणि गाव सांगताच त्यांनी मान वर केली. "राहूच्या बाबूरावचा तू? मग मला मामा म्हणायचं." फौजेत दोघांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या, एवढंच बोलले. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर आणि दोन्ही रिमांवर त्यांनी एकच नंबर ठोकलेला असे, कारण गिऱ्हाइकं चांगलं चाक काढून घेत आणि आपलं वाकडं बसवून आणत. दुकानामागच्या खोलीतून मामींचा आवाज येई, "ही हुशारी फौजेत कुठं गेल्ती? रायफलीचा सरकारी बोल्ट नदीत बुडवला, नाव कापून घेतलं, आन् बसले पंक्चर काढीत." मामा चाक फिरवत राहत. दुकानातले सगळे हसत, मीही हसत असे... आता ते आठवलं की कुणाकडे बघवत नाही.

दौंडला बदली झाली तेव्हा मी वापरायचो ती सायकल त्यांनी मला देऊन टाकली. तिचं मागचं चाक वाकलं होतं, म्हणून स्वतःच्या सायकलीचं काढून बसवलं. "मामा, नंबर जुळत नाही," मी म्हणालो. "तुला चालवायचीय का वाचायचीय?"

त्या दिवशी शिरूरच्या वाटेवर आबा खिडकीबाहेर बघत बोलू लागले. रायफली सगळ्या सारख्याच दिसतात. नंबर नसता तर जो तो चांगली उचलता आणि बिघडलेली दुसऱ्याच्या गळ्यात घालता. चोरीला गेलेली सापडली, तर कुणाच्या ताब्यातून गेली हेही नंबरावरूनच कळतं. गोळी मागून अडवून धरणारा बोल्ट तर त्याच रायफलीसाठी घासून बसवलेला, म्हणून त्याच्यावरही तोच नंबर. लढाईच्या वर्षांत नदीकाठी रायफल साफ करताना आबांचा बोल्ट हातातून निसटून पाण्यात गेला. त्यांनी घाबरून शेजारच्या खाटेवरच्या रायफलीचा काढून आपल्या रायफलीत घातला. दुसऱ्या दिवशी तपासणीत साहेबाने नंबर वाचले. आबांनी तोंड उघडण्याआधीच दस्तगीरमामा पुढे झाले. दोन्ही रायफली मीच साफ करत होतो, म्हणाले, याचा माझ्या हातून पडला, म्हणून माझा याला बसवला. मामांना कोठडी झाली, मग घरी पाठवलं, पेन्शन नाही. आबा राहिले, हवालदार झाले. त्यांच्या पेन्शनवर मी शिकलो.

"नंबरानं बोल्ट कुणाचा ते सांगितलं," आबा म्हणाले, "काढला कुणी ते न्हाई सांगितलं. ते मी सांगायचं व्हतं." त्या तपासणीनंतर ते कधी शिरूरला मामांकडे गेले नव्हते.

मामींनी तांब्या पुढे ठेवला. आबांनी त्याला हात लावला नाही, उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मला वाटत होतं, मामींना ठाऊक असेल, नवऱ्यानं कधीतरी सांगितलं असेल... त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाबूरावभाऊ, मी जन्मभर टोचलं त्यांना. शेवटच्या दुखण्यातबी. तुम्ही एकदा आला असता, तर मी गप बसले असते."

पाणी तसंच ठेवून आम्ही निघालो.

सायकल आमच्या ओट्याला टेकलेली असते. हल्ली रोज सकाळी आबा तिच्यापाशी उकिडवे बसतात आणि मागच्या रिमवरचा नंबर फडक्याने पुसतात. परवा मी विचारलं, हे चाक मामींना देऊन दुसरं बसवू का...

"चाक त्यांचं त्यांना दे," म्हणाले. "पर दुसरं बसवू नगं. फ्रेम रिकामीच ऱ्हाऊ दे. तवा रायफलबी तशीच ठिवायची व्हती."