आठ मजले लाकूड

जोतीराम सुतार म्हणजे आमच्या कसबा बावड्याचे मिस्त्री. कामाला वाघ, पण तोंड भारी फटकळ. माझ्या पिठाच्या गिरणीत आले की दळण राहिलं बाजूला, सिमेंटला शिव्या सुरू. त्यांचं चूकही नव्हतं म्हणा. नव्वदनंतर जिकडंतिकडं स्लॅबची घरं झाली, दारं कारखान्यातून यायला लागली, खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या. तुळया-वासे घडवणारा हा माणूस सेंट्रिंगच्या फळ्या ठोकू लागला. स्लॅब घट्ट झाला की स्वतःच्याच हातानं त्या उचकटायच्या. आपलं काहीच मागं उरत नाही, हे त्यांना फार लागायचं.

मुलगा सयाजी इंजिनिअर होऊन लंडनला गेला. २००८ साली त्याचा फोन आला, आठ मजली राहायची इमारत बांधतोय, आणि तीही सगळी लाकडाची! मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी पासपोर्ट काढला, रंधे-पटाश्यांना धार लावली. डेअरीवाले हंबीरराव म्हणाले, "गोऱ्यास्नी रंधा धराय शिकवा की, मिस्त्री!" मिस्त्री हसले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं.

सयाजीचा पुढचा फोन मिस्त्री गिरणीत असतानाच आला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितलं. मी गिरणी बंद केली.

"कवा येऊ रं?"

"आप्पा, हितं सुतार लागत न्हाईत. फळ्या चिकटवून कारखान्यातच अख्ख्या भिंती करत्यात. दारा-खिडक्यांची जागा कापूनच येती. क्रेननं उचलून ठेवायच्या, स्क्रू मारायचं, झालं."

"मग चौकटीचा मान कुणाला दिला?"

आमच्याकडं चौकट उभी राहिली की मालक नारळ फोडतो, सुताराला टॉवेल-टोपी देतो.

"कुणालाच न्हाई, आप्पा."

मिस्त्री फोनकडं वाकले. "बरं. काम नगं. नुसतं बघाय तरी ने. हात लावून बघतो."

सयाजी हळूच म्हणाला, "लाकूड दिसत न्हाई, आप्पा. आगीच्या भ्यानं वरनं पांढरी बोर्डं मारल्यात. सिमेंटचीच वाटती बघा."

मला सयाजीचा भयंकर राग आला. पण त्या पोराचा तरी काय दोष? खोटं सांगून बापाला बोलवायचं होतं का त्यानं?

फोनमधून "आप्पा? आप्पा?" चालूच होतं. मिस्त्रींनी फोन माझ्यापुढं धरला.

"बंद कर," म्हणाले, "मला करता येत न्हाई."