भिवाजीने उघडलेलं पेव

आमच्या साखरा गावात कुणाचं काही अडलं की भिवाजीला हाक मारायची आणि काम झालं की त्याला विसरायचं, अशी रीतच होती. बौद्धवाड्यातला हा काटक माणूस. अंबाडीचे दोर तो घरीच वळायचा. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळसुद्धा त्याने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून स्वतः ठोकून केला होता. पण त्याचं खरं कसब पेवाचं. वाईट दिवसांसाठी ज्वारी जमिनीत पुरून ठेवायला दीड पुरुष खोल पेव खोदायचं, आतून लिंपायचं, कडब्याचं अस्तर लावायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे. धान्य भरताना मात्र त्याला लांब उभं करायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आधीच कबूल करते.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या घरातली ज्वारी संपली. सासऱ्यांनी, म्हणजे किशनरावांनी, चार वर्षांपूर्वी भरलेलं पेव उघडायला भिवाजीला बोलावलं.

त्याने तोंडावरची फरशी सरकवली तशी आंबूस वाफ आली. त्याने कंदील दोराला बांधून आत सोडला. हातभर गेला नाही तोच विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला.

"आज कुणी उतरायचं न्हाई, मालक. आत हवा मेलेली हाये. माणूसबी असाच विझंल."

सासरे हसले. "रेशनचं रॉकेल हाये ते, निम्मं पाणी. काहून पोराला भेवडावून राहिला?"

पोरगा म्हणजे माझा नवरा, नरसिंग. बापासमोर भित्रा ठरायची त्याला भारी लाज. टोपली घेऊन त्याने सरळ आत उडी टाकली. मी "अहो" म्हणेपर्यंत खाली धप्प आवाज झाला. मग हाक नाही, खोकला नाही, काहीच नाही.

सासरे किंचाळत काठाकडे धावले. भिवाजीने त्यांच्या कमरेला मिठी घालून त्यांना आडवं पाडलं. ते झटापट करायला लागले तशी त्याने त्यांच्या थोबाडीत दिली आणि छातीवर गुडघा रोवला. पेव उघडताना बघायला गावातली माणसं जमली होती. खाली नरसिंग मरत होता आणि सगळे बघत होते मालकांच्या छातीवरचा तो गुडघा. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही तेच बघत होते.

"बघता काय? ह्यांना धरून ठेवा! निंबाचा डहाळा आणा!"

डहाळा दोराला बांधून खालीवर हलवत दोघांनी आतली हवा ढवळली. भिवाजीने गळ सोडला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा नरसिंगच्या धोतरात अडकला आणि चौघांनी ओढून त्याला वर काढलं. चेहरा काळानिळा, डोळे अर्धे उघडे. संपलं सगळं, असंच मला वाटलं. भिवाजीने त्याला पालथा घातला आणि पाठ दाबत राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग घशातून घरघर आली आणि नरसिंगने श्वास घेतला.

"बाई, घोटभर पाणी पाजा त्याला," भिवाजी धापा टाकत मला म्हणाला.

विहिरी आटलेल्या. घरात दोन कोसांवरून आणलेली एकच घागर होती, ती मी धावत आणली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, आई आहे, लेकाला पाजेल. त्या नरसिंगला वळसा घालून पुढे गेल्या आणि सगळी घागर सासऱ्यांच्या डोक्यावर रिती केली. विटाळ धुवायला! सासरे डोळे मिटून निमूट भिजले.

भिवाजीने स्वतःसाठी घरून आणलेला पाण्याचा लोटा माझ्यापुढे केला. मी तो हातात घेतला. नरसिंग पाण्याकडे बघत होता आणि मी सासूबाईंच्या तोंडाकडे.

भिवाजीने ते ओळखलं. माझ्या हातातला लोटा काढून घेऊन त्याने स्वतःच नरसिंगला पाणी पाजलं.