बाजरी पडल्याचा आवाज

परवा दुपारी गावाकडून एक पिशवी आली. मांजरपाटाची, तोंडाशी सुतळीनं करकचून आवळलेली. इकडे ट्रक घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर पुतण्यानं धाडली होती. मी ती मांडीवर घेतली आणि गाठ सोडण्याआधीच कापडातून वास आला: तापलेल्या खळ्याचा, तुसाचा, जिभेवर न ठेवताही कडवट लागणारा. नवी बाजरी. दक्षिणेतल्या या समुद्रकाठच्या शहरात मी कितीतरी वर्षं राहतो. इथं भात पिकतो, भात शिजतो, आणि दुकानात बाजरी मागितली तर दुकानदार विचारतो, घरी पाखरं पाळलीत का? बाजरीचा वास इथल्या हवेत परका आहे, माझ्याइतकाच. पण तुम्हाला सांगतो, वास सोसवतो. मला भीती आहे ती तिच्या आवाजाची.

बाजरीला आवाज असतो हे मला जालन्यात एका माणसानं शिकवलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत, मीही तेवढंच म्हणेन. निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं चालू होती. माझं गाव आष्टीच्या अलीकडे. शाळा उर्दूतून, घर मराठीतून. दोन्हींच्या मध्ये मी कोरडाच राहिलो आणि चौथीत पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. मंठ्याच्या बाजारात पत्र्याच्या बादल्या, चिमण्या, गाळण्या करत मोठा झालो, लग्न झालं, आणि पत्र्यावर दोन पोटं भरेनात म्हणून बाविसाव्या वर्षी जालन्याला आलो. सरकीच्या गिरण्यांच्या मागच्या गल्लीत उस्तादांचं दुकान होतं. तिथं ते कर्णे करत. आधी फोनोच्या कर्ण्यांची डागडुजी करत, पुढे बॅटरीवर चालणारे लाउडस्पीकर आले तसे त्यांचे कर्णे आणि आतले आवाज काढणारे पातळ पडदे स्वतःच घडवू लागले. माझ्या हाताची कातर बघून त्यांनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला. गावाकडची माणसं येईपर्यंत नऊ दिवस हा माणूस उशाशी बसून मला चमच्यानं पेज पाजत होता. तेव्हापासून माझ्या मनात दोन गोष्टी एकत्र राहायला आल्या. एक उपकाराची जाणीव, आणि दुसरी, हा माणूस कधीतरी ‘जा’ म्हणेल याची धास्ती. दोघींनी एकमेकींचा हात कधी सोडला नाही.

उस्ताद धनगराच्या घरचे, टेंभुर्णीकडचे. लहानपणी मेंढरांमागं फिरले. शंभर मेंढरांत एकच खोकलं तरी ते कोणतं, हे म्हणे त्यांना डोळे मिटून कळे. तोच कान घेऊन ते शहरात आले, आणि नंतर अठरा वर्षं गिरणीत सरकी काढायच्या यंत्राशेजारी उभे राहिले. त्या घरघराटानं त्या कानाचं काय केलं असेल, हे त्या काळी कुणी मोजत नव्हतं. कान म्हणजे कान. डोळे गेले तर माणूस ठेचकाळतो, ते दिसतं. कान जातो तो चोरपावलांनी.

कर्णा पास करायची त्यांची एक रीत होती, तशी मी पुढं कुठल्या कारखान्यात पाहिली नाही. माईकपुढं पितळी ताट ठेवायचं. मी सूप धरून बसायचो. कर्णा वीस पावलांवर, आणि त्याच्याही पलीकडे उस्ताद पाठ फिरवून उकिडवे बसायचे. मग मी सुपातून ताटात दाणे सोडायचे. हरभरा, ज्वारी नाहीतर बाजरी, माझ्या मर्जीनं. त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. हरभरा उड्या मारतो, तो कुणालाही कळेल. ज्वारी टपोऱ्या थेंबांसारखी पडते. बाजरी सगळ्यात बारीक, वाळूनं वाळूशी कुजबूज करावी तशी. “बोलणं काय, कुठलाबी डबा ऐकवतो,” ते म्हणत. “ज्वारीतून बाजरी निवडून दाखवली तर तो कर्णा. न्हाई तर नरसाळं. ठेव घासलेट गाळायला.” त्यांनी नाव सांगितलं की मी इकडून ओरडायचो, “बराबर!” आणि मगच कर्ण्यावर रंगाचा हात फिरे.

त्यांच्या उमेदीतला एक कर्णा दुकानात टांगलेला होता. त्यातून माणूस बोलला की आवाज कर्ण्यातून येतोय हे विसरायला व्हायचं. माणूस समोर येऊन उभा राहायचा, खाकरायचा, आवंढा गिळायचा. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

मी तिथं रुजून तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी मी बाजरी सोडली आणि उस्ताद पलीकडून म्हणाले, “ज्वारी.” मी थांबलो. बोलणार होतो. पण त्यांच्या पाठीकडे बघितलं. सदऱ्यातून मणके दिसत होते, मान ताठ होती, आणि त्या मानेला जराही शंका नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, “बराबर.” एवढंच. एक शब्द. पेज पाजणाऱ्या हाताला मी चुकीचं कसं म्हणू, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, म्हटलं आणि त्यांनी हाकललं तर, हेही वाटलं.

पण उस्ताद खोटं बोलणारे नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही. आपल्याला दाणा पुसट ऐकू येतोय हे त्यांना जाणवत होतंच. त्यांनी दोष कानाला दिला नाही, कर्ण्याला दिला. “आजकाल पडदा मुका होऊन राह्यला,” म्हणत ते पडदा घासून पातळ करू लागले, कर्ण्याचा गळा आवळू लागले. दाण्याचा आवाज मुळातच उंच आणि बारीक. पडदा जितका पातळ, तितका दाणा ठसठशीत. आणि तितकंच माणसाचं बोलणं पिचकं, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. ज्या परीक्षेनं आयुष्यभर त्यांना वाट दाखवली तीच आता त्यांना एकेक पाऊल भलतीकडे नेत होती, आणि वाटेवर मी उभा राहून “बराबर, बराबर” म्हणत होतो. दर महिन्याला कर्णे जास्त किंचाळू लागले. संध्याकाळी माझे कान ठणकत. बोललो नाही.

दुसरं कुणी बोललंच नाही असं नाही. एक गाडीवान कर्णे पोचवायला येई, तोंडाचा फटकळ. तो एकदा कानात बोट घालून म्हणाला, “उस्ताद, ह्याच्यात माणूस बोलून राह्यला का कोंबडं कापून राह्यले?”

“तुझे कान गाडीच्या आखानं खाल्ले,” उस्ताद हसले. “वंगण घाल आधी. काय रे, कसा वाजतो?”

हे शेवटचं मला होतं. “बिलकुल साफ, उस्ताद,” मी म्हणालो. गाडीवानानं माझ्याकडं बघितलं, थुंकला आणि बैल जुंपायला गेला.

मग कापसाच्या बाजाराचं काम निघालं. बोली लागते ती पुढच्या चार गाड्यांना ऐकू जाते, मागच्या गाडीवरच्या शेतकऱ्याला आपला कापूस कुठल्या भावानं गेला ते नंतर कळतं. म्हणून मैदानात आठ कर्णे लावायचे ठरले. उस्तादांचं दुकान त्या आठ कर्ण्यांवर उभं राहणार होतं नाहीतर बसणार होतं, कारण मुंबईचा तयार माल बाजारात येऊ लागला होता आणि आमच्याकडं चार महिने नवं काम नव्हतं. निवड करायला हैदराबादहून एक तरुण इंजिनिअर साहेब आले. बरोबर त्यांनी स्वतः बनवलेला एक कर्णा आणि एक काळी पेटी. पेटीला काच, काचेत सुई.

साहेब भला माणूस होता, हे सांगायलाच हवं. त्यानं कुणाचा अपमान केला नाही. एक तबकडी लावली. तिच्यात गाणं नव्हतं, नुसता एक हुंकार होता. खालून निघून चढत चढत शिटीपर्यंत जाणारा. वीस पावलांवर त्याची पेटी सुईनं तो हुंकार मोजत होती आणि तो चौकटीच्या कागदावर ठिपके देत होता. त्याच्या कर्ण्याचे ठिपके जोडले तर शेताच्या बांधासारखी रेघ झाली. उस्तादांच्या कर्ण्याची रेघ उजव्या टोकाला एकदम डोंगर चढली. “इथं हा फार ओरडतो,” साहेब अदबीनं म्हणाले. “माणसाच्या कानाला टोचेल.”

“सुईला कान हायेत का साहेब?” उस्ताद म्हणाले. मैदानातली माणसं हसली. उस्तादांना चेव आला. “मी दाण्यावर पारखतो. आणा सूप. तुमचा अन् माझा, दोन्ही लावा. हा माझा माणूस ओतील, मी पाठ करून बसतो. सगळ्यांसमोर.”

मी सूप घेतलं. दोन वर्षांचं सगळं ‘बराबर’ त्या सुपात येऊन बसलं होतं. आधी त्यांच्या कर्ण्यावर मी बाजरी सोडली. कर्णा किंचाळला. “बाजरी,” ते म्हणाले, आणि ती बाजरीच होती. माणसांनी वाहवा केली. मला वाटलं, निभावलं. “आता साहेबाचा लावा,” उस्ताद पाठीमागं न बघता म्हणाले. “सांगतो ना कसा मुका हाय ते.”

मी पुन्हा बाजरी सोडली. साहेबांच्या कर्ण्यातून ती पडली. स्वच्छ, हलकी, वाळूची वाळूशी कुजबूज. शेवटच्या गाडीवर बसलेल्या म्हातारीनंही मान हलवली, हो, बाजरी. मी सूप खाली केलं. मैदान उस्तादांच्या उत्तराची वाट बघत राहिलं.

“ओत की रे,” उस्ताद म्हणाले.

मी ताटातली बाजरी पुन्हा सुपात घेतली आणि पुन्हा सोडली, या वेळी उंचावरून, जोरानं.

“ओत म्हणतो ना! जल्दी कर. वाट कशाची बघून राह्यला?”

साहेबांनी नजर कागदात घातली. गाडीवानच शेवटी पुढं आला, आणि इतका हळू बोलला की तो फटकळ माणूस तोच का, असं वाटावं. पण उस्तादांना ऐकू गेलं नाही. मग त्यानं त्यांच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं सांगितलं, “उस्ताद, दोनदा पडली बाजरी.”

उस्ताद वळले. त्यांनी भरलेलं ताट बघितलं, माझ्या हातातलं रिकामं सूप बघितलं, आणि शेवटी मला बघितलं.

आम्ही दुकानात आलो. आल्यावर टांगलेल्या जुन्या कर्ण्याखाली बसून त्यांनी विचारलं, “किती दिस झाले?”

“दोन वर्षं,” मी म्हणालो.

“अन् तू बराबर म्हणत गेला. सुईवर माझा राग न्हाई. सुई माझी कोण लागती? ती नवखी, तिनं एका सकाळीत सांगून टाकलं. तू माझ्या घरचं खाल्लं, तू न्हाई सांगितलं.”

“तुमचे उपकार होते, उस्ताद. तोंड उघडलं नाही.”

“मंग फेडले म्हण की,” ते म्हणाले.

त्यांनी मला जा म्हटलं नाही. ज्या शब्दाला मी पाच वर्षं भ्यालो तो त्यांनी उच्चारलाच नाही. पडदे घासायच्या कानशी मात्र त्यांनी गुंडाळून ठेवल्या आणि बादल्या करायला बसले. काम अर्थात साहेबांना मिळालं. जाताना साहेब दुकानाशी थांबले. “तुमचे कान फार चांगले आहेत,” मला म्हणाले. “तुम्ही हे आधीच ओळखलं असणार.” आणि त्यांनी मला हैदराबादला बोलावलं. पोटाची चिंता करणारा माणूस, मी गेलो. तिथून पुढं इथं, लाउडस्पीकरच्या कारखान्यात. माझी सगळी भाकरी त्या सकाळीतून निघाली. उस्ताद वारल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं.

पुढं कारखान्यात शिकलेली पोरं माझ्यासमोर वाद घालत, सुई खरी की कान खरा. मला विचारत, कारण सुईनं मोजून झाल्यावर कर्णा ऐकायला बसायचो तो मी. मी हसून सोडून द्यायचो. काय सांगणार? सुईला कुणाचे उपकार माहीत नसतात, म्हणून तिला खरं बोलता येतं; पण त्या जुन्या कर्ण्यातून माणूस समोर येऊन उभा राहायचा, ते कुठल्या चौकटीत ठिपका होऊन पडलं असतं, हेही मला कुणी दाखवलेलं नाही. त्या दिवशी सुई खोटी नव्हती. माझा कानही खोटा नव्हता. दोघांनी एकच ऐकलं होतं, आणि माझ्या कानानं तर दोन वर्षं आधी.

आता माझं वय उस्तादांच्या तेव्हाच्या वयापुढं गेलं आहे. घरातली माणसं माझ्याशी जरा मोठ्यानं बोलतात, असं मला वाटतं. रेडिओ मला हल्ली पुसट लागतो. मी मुलाला विचारलं, सुनेला विचारलं, माझ्या कानांना काही झालंय का? दोघंही भली आहेत, माझं सगळं करतात. दोघंही म्हणतात, “नाही हो, तुम्हाला बराबर ऐकू येतं.”

पिशवी कोपऱ्यात आहे. सूप आहे, पितळी ताटही आहे. पिशवीची गाठ मी अजून सोडलेली नाही.