कणगीच्या वाफ्यातली कळलावी

पंचवीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते. दर पावसाळ्यात सातवीच्या वर्गात कळलावीचं फूल नेते. लाल-पिवळ्या पाकळ्या वर उलटलेल्या, पानाचं टोक दोऱ्यासारखं गुंडाळलेलं. मुलांना बजावते, "फूल बघा, हात लावला तर हात धुवा, आणि कंद तर तोंडात घालायचाच नाही, जीव जाईल." हे मी सांगते. मीच. म्हणून पुढचं लिहिताना लाज वाटते आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या वर्षी कळलावी आमच्या मागल्या दारी आपणहून उगवली, गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या रचलेल्या दगडांतून. सासूबाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, "गो, ती कळलावी मगे. दाराकडे ठेवची नाय, घरात भांडणां लागतत. उपटून टाक." झालं! माझं डोकं फिरलं. झाडानं कधी भांडणं लागतात? आणि चतुर्थीला गणपतीवर माटवी, म्हणजे फळाफुलांची मंडपी, बांधताना हेच फूल हवं म्हणून माझे दीर दरवर्षी वरच्या कातळाच्या सड्यावर पायपीट करतात, तेव्हा नाही भांडण लागत? मी तसं बोललेही, जरा जोरातच. सासूबाई उठून आत गेल्या. माझ्यापुढे घरात कोणी फार बोलत नाही, नोकरी करणारी थोरली सून ना मी!

पण गडग्यात वेल धड चढेना. शेजारीच जाऊबाईंनी कणगी लावली होती. कणगी म्हणजे आमच्याकडची रताळ्यासारखी कंदमुळं, थंडीत खणून उकडून खायची. तिच्या वेलींना जाऊबाईंनी काठ्या रोवल्या होत्या. एका रविवारी घरात कोणी नसताना मी कळलावी मुळासकट काढली आणि वाफ्याच्या मागच्या कडेला, दाट पाल्याआडच्या तयार काठीपाशी लावली. जाऊबाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सासूबाईंच्या कानावर गेलं असतं, आणि 'उपटून टाक' हे मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. बस, एवढंच कारण.

चतुर्थीला फुलं भरपूर आली, ती मी पहाटे कोणी उठायच्या आत तोडली. माटवीला पाचसहा लावली, सगळ्यांनी वा वा केली. जाऊबाईंनी फुलांकडे बघत विचारलं, "खंयसून हाडलात गो वयनी?" मी म्हटलं, "मिळाली."

मग वेली वाळल्या. कणगीच्या वाळल्या, कळलावीचीही वाळली. डिसेंबरात कणगी खणतात तेव्हा वर पानाचा पत्ता नसतो, वाफाच्या वाफा उकरायचा. जाऊबाईंनी तसाच उकरला, टोपभर कंद सकाळी उकडले. आमच्याकडे बायकांची एक रीत आहे: चांगले गोल कंद पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, वाकडेतिकडे, मोडके आपल्याला. मला चांगले मिळाले. जाऊबाई चुलीपाशी बसून वाकडे खात होत्या. "कडू लागता गो," असंही म्हणाल्या. मी म्हटलं, "करपलं असेल."

दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या. उलट्या, जुलाब, थांबेचनात. दिरांनी रिक्षा आणली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मीच पुढे होऊन म्हटलं, "कालची शिळी कोळंबी खाल्ली असेल. ऐकत नाही हो कुणाचं." किती सहज बोलले मी!

कपडे आणायला घरी आले. मागल्या दारी भांडी घासायच्या जागी साली पडल्या होत्या आणि अर्धा खाल्लेला एक कंद. उचलला. कणगी अशी नसते. कणगीला बारीक केसाळ मुळं असतात, आकार लांबट गोल. हा गुळगुळीत होता आणि मधेच काटकोनात वळलेला, नांगराच्या फाळासारखा. वर्गात फळ्यावर किती वेळा काढला असेल मी तो आकार! शेजाऱ्यांच्या गाडीवरून तडक दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या हातात तो कंद दिला. "कळलावी आहे," म्हटलं. "कणगीत मिसळून आली. खणताना त्यांच्या लक्षात आलं नसेल."

हे शेवटचं वाक्य कोणी मागितलं होतं?

डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलंत, पण दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही. दीर खाटेपाशी गेले आणि बायकोवर ओरडले, "आंधळी आसंस काय गो? ल्हानपणापासून कणगी खणतंस, आणि ह्या ओळखूक येवक नाय? पोरांक घातलं असतंस तर?" जाऊबाईंच्या हाताला सलाईन होतं. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी तिथेच उभी होते, हातात त्यांच्या कपड्यांची पिशवी.

वाचल्या. देवाची कृपा. पण दहाबारा दिवसांनी फणीत केसांचे पुंजके यायला लागले. या विषानं केस जातात, मला पुस्तकातून ठाऊक होतं. कमरेपर्यंतचा केसांचा शेपटा होता त्यांचा, आठवड्यात डोकं उघडं पडलं. डोक्यावरून पदर घेऊन वावरायच्या. वाडीतल्या बायका बघायला यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "जरा बघून खणुचा ना गो बाय." मी त्या बायकांना चहा द्यायची.

एका दुपारी मी तेलाची वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसले. डोक्याला तेल चोळत होते. त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "वयनी, तां झाड थंय कोणी लायलां, तां माका दवाखान्यातच कळलां. चतुर्थीची फुलां आठावली. मी वाट बघत होतंय, तुमी सांगतलात म्हणान."

माझा हात थांबला. रागावल्या असत्या तर मी उलट बोलले असते, माझा स्वभावच तो. पण आवाजात राग नव्हता. मला रडू आलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

त्याच संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. कळलावी मी लावली, कोणाला न सांगता. शिळ्या कोळंबीचं खोटं बोलले. दवाखान्यात चूक त्यांच्यावर ढकलली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. दिरांचा घास हातातच राहिला. मी वाट बघत होते, आता ओरडतील, आता आंधळी म्हणतील. म्हणायलाच हवं होतं.

ते मान खाली घालून, अगदी अदबीनं म्हणाले, "जावंदे वयनी. तुमका शाळेची गडबड. तुमच्या ध्यानात ऱ्हवाक नसतला."

जाऊबाई त्या वेळी मला भात वाढत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला आणखी एक डाव वाढला.